साठी आणि बुद्धी नाठी

६ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये मिच मॅकॉनेल यांनी एक प्रस्ताव आणला. राष्ट्राध्यक्षाला कर्जमर्यादा जवळपास स्वतःच्या अखत्यारीत वाढवता यावी, असा मामला. गृहस्थ तेव्हा अल्पमतातल्या रिपब्लिकनांचे नेते. हेतू उदात्त होता: यासाठी डेमोक्रॅटांकडेच मतं नाहीत, हे चव्हाट्यावर आणायचं. पण बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी आपली डोकी मोजली, ती पुरेशी भरली, आणि ते म्हणाले, चला, घ्या मतदान. झालं! मॅकॉनेलना एकाएकी साक्षात्कार झाला की असल्या वादग्रस्त विषयाला साठ मतं लागतात. आणि त्यांनी स्वतःच्याच प्रस्तावाला मोडता घातला. पोरीचं स्थळ आपणच आणायचं आणि समोरून होकार आला की मांडवात उभं राहून पत्रिका जुळत नाही म्हणून बोंब ठोकायची, त्यातला हा प्रकार. या माणसाला तिकडे डावपेचांचा महामेरू मानतात. मानोत बापडे.

ही साठाची भानगड काय? सिनेटमध्ये सभासद शंभर. विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरतं. पण ‘चर्चा पुरे, आता हात वर करा’ एवढं म्हणायला साठ लागतात. म्हणजे जेवायला एकावन्न चालतील, पण पान मांडायला साठ हवेत! या अडवणुकीला ते ‘फिलिबस्टर’ म्हणतात. शब्दाचं मूळ डच, आणि अर्थ लुटारू. चला, नाव ठेवताना तरी कुणी प्रामाणिक होतं.

या फिलिबस्टरभोवती तिकडे केवढं सोवळं! घटनाकारांची दूरदृष्टी म्हणे. अल्पसंख्याकांचं कवच म्हणे. घटनेत शोधा, सापडला तर मला कळवा. तह, महाभियोग, राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार डावलणं, घटनादुरुस्ती यांना दोन-तृतीयांश हवेत असं घटनाकारांनी स्पष्ट लिहून ठेवलं. साध्या विधेयकाबद्दल अवाक्षर नाही. मग हे रत्न आलं कुठून? उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांनी १८०५ मध्ये जाता जाता सल्ला दिला की नियमांची वही जरा आवरा. पुढच्या वर्षी सिनेटने ती आवरली आणि त्या झाडलोटीत चर्चा थांबवायचा नियमच केरात गेला. अल्पमताच्या हाती असला नकार देणं घातक, असं घटनाकार अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. पण त्या हॅमिल्टनना १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात गोळी घातली कुणी? याच बर महाशयांनी. वाद घालायची ही पद्धतसुद्धा सिनेटला साजेशीच.

पूर्वी निदान अंगमेहनत तरी होती. १९३५ मध्ये लुइझियानाचे ह्यूई लाँग पंधरा तासांहून जास्त उभे राहिले आणि मध्ये त्यांनी कालवं कशी तळावीत हेही सभागृहाला समजावून सांगितलं. १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या कायद्याविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. हेतू कळकट, पण पायांना कळ तरी लागली. (कायदा मंजूर झालाच, हे जाता जाता.) मग १९७० च्या दशकात कुणा दयाळू आत्म्यांनी सोय केली: अडलेलं विधेयक बाजूला ठेवायचं आणि बाकीचं काम सुरू ठेवायचं. तेव्हापासून भाषणाचीही गरज उरली नाही. आडवे येणार, एवढा निरोप धाडला की काम भागतं. आणि याचं शास्त्रोक्त नाव आजही काय? ‘अमर्याद चर्चा’! सभागृह रिकामं, सभासद घरी, आणि चर्चा मात्र अमर्याद.

आता तत्त्वनिष्ठेचं बघा. रीड यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय वगळून बाकीच्या नेमणुकांपुरती साठाची अट काढली. मॅकॉनेल कडाडले, पस्तावाल! सत्ता फिरली. २०१७ मध्ये त्याच मॅकॉनेलनी सर्वोच्च न्यायालयापुरतीही ती काढली. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशाची जागा रिकामी झाली तेव्हा निवडणूक नऊ महिन्यांवर होती. म्हणून जनतेचा कौल येईपर्यंत ओबामांच्या उमेदवाराची साधी सुनावणीसुद्धा नाही. २०२० मध्ये निवडणूक आठ दिवसांवर असताना एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक मात्र उरकली. जनतेचा कौल कुठे गेला? रजेवर असावा.

आणि डेमोक्रॅट? मी नाही त्यातली, कडी लाव आतली. २०१७ मध्ये त्यांच्यातल्या कित्येकांनी फिलिबस्टर राखा म्हणून पत्रावर सह्या ठोकल्या. कमला हॅरिसही त्यात. जानेवारी २०२२ मध्ये सत्ता हाती होती, तर मतदानहक्काच्या विधेयकापुरता तो वाकवायला ४८ जण उभे. आणि २०२५ च्या शरदात? त्याच साठाच्या जोरावर त्यांनी निधी रोखून धरला आणि सरकार ४३ दिवस बंद. इकडे ट्रम्प ओरडताहेत की काढून टाका तो नियम, आणि त्यांच्याच पक्षाचे नेते जॉन थून म्हणताहेत, छे, परंपरा आहे! कोण कुठल्या बाजूला, हे टिपून ठेवायला चित्रगुप्तालाही कारकून नेमावा लागेल.

हे सगळं परक्याच्या घरचं म्हणून हसून सोडावं, तर न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एखाद्या मराठी घरात विचारा. एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत, या अटीपायी तिथे लोकांचे केस पिकले. ती अट नोकरीच्या ग्रीन कार्डांपुरती काढणारं विधेयक २०१९ च्या जुलैमध्ये खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पार पडलं. सिनेटमध्ये ते सर्वसंमतीने नेऊ गेले, तर प्रत्येक वेळी कुणीतरी एक जण उठून ‘हरकत’ म्हणायचा. कधी रिपब्लिकन, कधी डेमोक्रॅट. या बाबतीत मात्र पंक्तिभेद नाही. डिसेंबर २०२० मध्ये बदललेल्या रूपात ते एकदाचं सुटलं आणि दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळायच्या आत काँग्रेसची मुदत संपली.

पण माझं लाडकं पात्र म्हणजे रिपब्लिकन सिनेटर रॉन जॉन्सन. मार्च २०२१, कोविडच्या मदतीचं १.९ लाख कोटी डॉलरचं विधेयक. ते अंदाजपत्रकी वाटेने आणलेलं, म्हणून साठाचा खोडा चालेना. जॉन्सननी फर्मावलं, अख्खं विधेयक मोठ्याने वाचा. पानं ६२८. वाचलं कुणी? जॉन्सननी? भलतंच! सिनेटच्या कारकुनांनी, आळीपाळीने, जवळजवळ अकरा तास. वाचन संपलं तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. मेरीलँडचे ख्रिस व्हॅन हॉलन हळूच उठले आणि म्हणाले, वीस तासांची चर्चा तीन तासांवर आणू या, कुणाची हरकत? एक शब्द पुरला असता. तो उच्चारायला समोरच्या बाकांवर एकही रिपब्लिकन नव्हता.