खलाशाचें चरित्र

आमच्या भातकुलीकडील विहिरींचें पाणी खारें, परंतु समुद्र येथून शेकडों कोस दूर. पूर्णेच्या खोऱ्यांतील या खारपाणपट्ट्यांत कपाशीचीं शेतें पाहून वाढलेल्या मुलास जहाजाची कल्पना यावी तरी कशी? तथापि दुसऱ्या महायुद्धांत हिंदी आरमार सुमारें दोन हजार माणसांवरून तीस हजारांच्या घरांत गेलें, तेव्हां समुद्र कधीं न पाहिलेलीं खेड्यांतील मुलेंहि त्यांत भरती झालीं.

थोरांचीं चरित्रें वाचावींत, हें खरेंच. पण साध्या खलाशाचें चरित्रहि जपण्याजोगें आहे, असें आमचें मत आहे. ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं हिंदी महासागरांत 'बेंगॉल' या लहानशा हिंदी जहाजावर व त्याच्या सोबतच्या 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजावर दोन प्रचंड जपानी जहाजें चालून आलीं. 'बेंगॉल'वर मोठी अशी तोफ एकच. तरीहि तें शत्रूच्या रोखानें पुढें गेलें. शत्रूचें 'होकोकू मारू' स्फोट होऊन बुडालें, आणि 'बेंगॉल' व 'ओंडिना' दोन्ही वांचलीं. इतिहासांत जहाजाचें नांव राहिलें, कप्तानाचें राहिलें. इंजिनापाशीं घाम गाळणाऱ्याचें, गोळे वाहणाऱ्याचें, स्वयंपाक करणाऱ्याचें नांव किती जणांस ठाऊक आहे?

युद्ध संपलें. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या 'तलवार' या नाविक केंद्रांतील तरुणांनीं निकृष्ट अन्न व अपमानाची वागणूक यांविरुद्ध काम बंद केलें. तें लोण कराचीपर्यंत पोंचलें. २३ तारखेस, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यास मान देऊन, त्यांनीं माघार घेतली. पुढें शेकडों जणांची नोकरी गेली. कोणी म्हणतील, शिस्त मोडणाऱ्यांचें कौतुक विद्यार्थ्यांपुढें कशास? अवज्ञा शिकविण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्यानें प्राण पणास लावण्याची तयारी दाखविली, त्यानें चांगलें अन्न व माणुसकीचा शब्द मागावा, यांत गुन्हा तो कोणता?

विद्यार्थी मित्रांनो, ते खलाशी आतां बहुतेक निवर्तले; जे कोणी हयात असतील ते शंभरीच्या आसपास. पण एखाद्या घरीं पत्र्याच्या पेटींत जुना बिल्ला, नोकरीचा कागद वा गणवेशांतील छायाचित्र असूं शकेल. आजीस विचारा : पणजोबा कोठें गेले होते? परत आल्यावर त्यांनीं पोट कसें भरलें? ती सांगेल तें वहींत उतरून घ्या. आणि पालकांस आमची नम्र विनंति, कीं ती पेटी रद्दीबरोबर विकूं नये. कप्तानाचें चरित्र इतर लोक लिहितील. खलाशाचें त्याच्या घरच्यांनीं लिहिलें नाहीं, तर तें कोणीच लिहिणार नाहीं.