कार्ड हातात आहे, पण गोळी कुठे आहे?

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारचे पुढारी येतात. एक म्हणतात, पाच लाखांपर्यंतचा उपचार सरकारने मोफत केला आहे, कार्ड काढून घ्या आणि निश्चिंत राहा. दुसरे म्हणतात, फुकटाने देश बुडतो, सरकारला दवाखाने चालवता येत नाहीत, ते खाजगी लोकांच्या हाती द्या. पण घरात आजारपण आले की पैसा नेमका कशावर जातो, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. आम्ही वह्या लिहिणारे कारकून माणूस. म्हणून या वादाकडे आज जमाखर्चाच्या बाजूने पाहू.

पहिली गोष्ट ही की, सर्वांच्या औषधपाण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी ही मागणी कोणी परवा उकरून काढलेली नाही. १९४३ साली इंग्रज सरकारने सर जोसेफ भोर यांची समिती नेमली. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, असे या समितीने १९४६ च्या अहवालात सांगितले. त्याच काळात, म्हणजे १९४२ ते १९४६, परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कारखान्यातील कामगारांसाठी आजारविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. १९४८ चा ई.एस.आय. कायदा त्याच पायावर उभा राहिला. ब्रिटनमध्ये सर्व नागरिकांसाठी सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. म्हणजे हा विचार इथे आणि तिथे एकाच काळात चालू होता.

त्याच्याही आधी, १९२८ साली, मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचे बिल आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. लोकांचे कल्याण जपणे हे मुळात सरकारचे काम आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आजचा वाद दुसरा कशावर आहे? आजारी माणूस ही केवळ त्याच्या घरच्यांची चिंता आहे की साऱ्या समाजाची, एवढाच प्रश्न आहे.

ब्रिटनने ती सोय सर्वांना दिली. आपल्याकडे ती नोकरीला बांधली गेली. नागपुरातील जुन्या पिढीला याचा अर्थ समजावून सांगायला नको. एम्प्रेस आणि मॉडेल मिलमध्ये आपल्या समाजाचे हजारो हात राबत होते. मिलचा भोंगा वाजत होता तोवर ई.एस.आय.चे कार्ड चालत होते. भोंगा थांबला आणि पगाराबरोबर दवाखानाही गेला. ज्या वयात माणसाला औषधाची गरज जास्त, त्याच वयात तो उघड्यावर पडला. आज त्याचा मुलगा हिंगणा किंवा बुटीबोरीला ठेकेदाराकडे कामाला जातो. ठेकेदाराने नाव नोंदवले तर विमा, नाही तर नाही. पगाराची मर्यादा २०१७ साली २१,००० रुपये ठरली. तिच्यावर पगार गेला की विमा संपला. आणि घरकाम करणारी बाई, सायकलरिक्षावाला, बांधकामावरचा मजूर यांच्यापैकी बहुतेकांना तर हा दरवाजा उघडलाच नाही.

ही उणीव भरून काढायला कार्डाच्या योजना आल्या. २०१२ साली राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. २०२३ मध्ये राज्य सरकारने सर्व रेशनकार्डधारकांना या छत्राखाली घेण्याचा आणि मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय केला. या योजनांनी अनेकांचे प्राण वाचवले आहेत. हृदयाचे ऑपरेशन, कर्करोगाचा उपचार, डायलिसिस यांसाठी एके काळी घर विकावे लागत असे. त्यामुळे ज्यांनी अजून कार्ड काढले नाही त्यांनी ते जरूर काढावे.

पण कार्ड म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. यादीतला आजार, यादीतले रुग्णालय आणि बहुतेक वेळा भरती झाल्यावरच, एवढ्यापुरते ते आहे. आता घरातला हिशेब करू. समजा, सासऱ्यांना साखर आहे आणि आईला रक्तदाब आहे. दोघांच्या गोळ्या महिन्याला ८०० रुपयांच्या धरल्या तर वर्षाचे ९,६०० रुपये झाले. त्यात रक्ततपासणी, ऑटोचे भाडे आणि दवाखान्यात बुडालेली रोजी मिळवा. पाच लाखांच्या कार्डातून यातला एक रुपयाही फिटत नाही. मग मोठ्या माणसाची गोळी पैसे येईपर्यंत बंद राहते. रक्तदाबाची गोळी बंद राहिली की एक दिवस लकवा होतो. तेव्हा मात्र भरती करायला कार्ड कामी येते. हा कसला हिशेब म्हणायचा?

सिकलसेलचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत १९५८ साली आला. विदर्भातल्या आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, हे तेव्हापासून डॉक्टरांना ठाऊक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. या मुलाला हवे असते काय? लग्नाआधी आईबापांची रक्ततपासणी, रोजची हायड्रॉक्सियुरियाची गोळी, वेळेवर रक्त आणि जवळच्या दवाखान्यात ओळखीचा डॉक्टर. यात एकाही ऑपरेशनचे नाव नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ चे उद्दिष्ट ठरवले. ते योग्यच झाले. पण अभियान दिल्लीतून सुरू होते आणि गोळी वस्तीतल्या दवाखान्याच्या खिडकीतून मिळते. खिडकी बंद असली तर अभियानाचा फलक पाहून मुलाचे दुखणे थांबत नाही.

विरोधक म्हणतात, सरकारी दवाखान्याची दशा पाहा आणि मग बोला. ही टीका टाळून चालणार नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, रुग्णालयाने तो नाकारला. पाठोपाठ आपल्या मेडिकल आणि मेयोतील मृत्यूंचीही बातमी आली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण यावरून सरकारला दवाखाना चालवताच येत नाही, असे सिद्ध होते काय? राज्यातली औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे दिली होती, तिच्यातल्या विलंबाच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या, आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण करावे लागले. तमिळनाडूने हेच काम १९९४ साली स्वतंत्र महामंडळ काढून सुरू केले. एकत्र खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, औषधांची तपासणी आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक. किती औषध आले आणि किती उचलले, हे पासबुकात दिसते. तेही सरकारच आहे. फरक आहे तो हिशेब ठेवण्याचा.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरले. २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्ये मिळून तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे ते कमी झाले, हे खरे. तरीही शंभरातले ३९ रुपये त्या वर्षी आजारी माणसानेच मोजले. थायलंडने २००१ साली ३० बाट भरून कोणालाही उपचार, अशी योजना आणली. तो काही श्रीमंत देश नव्हता. आणि फुकट फुकट म्हणून जे हिणवतात त्यांना विचारा, साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर आम्ही जो कर भरतो, तो कोणाच्या खात्यात जमा होतो?

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न मागता पाहावे, असे त्यात होते. खाजगी डॉक्टरांनी संप केला आणि एप्रिलमध्ये बऱ्याच खाजगी रुग्णालयांना सूट देऊन तो मिटला. कायदा करणे सोपे आणि टिकवणे कठीण, हा त्यातून घ्यायचा धडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच सांगून ठेवले आहे की, तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने परत पाठवणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो रुग्ण बंगालचा एक शेतमजूर होता.

आता नागपूरचे पाहा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. पण मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, म्हणून त्या निर्णयात ती आली नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून मध्य प्रदेश-छत्तीसगडपर्यंतचा गरीब ज्या दोन दारांशी येतो, नेमकी तीच दारे राहून गेली. गरिबाला दुखणे एकच असते, खाती मात्र दोन.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. कार्ड राहू द्या, पण कार्ड दाखवून दवाखान्याचा प्रश्न बुजवू नका. मत मागायला येईल त्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, तीन प्रश्न विचारा. आमच्या वस्तीतला मनपाचा दवाखाना संध्याकाळी, मजूर कामावरून परतल्यावर, उघडा राहील काय? साखर, रक्तदाब आणि सिकलसेलची गोळी तिथे बाराही महिने मिळेल काय? मेडिकल-मेयोत गरिबाला एकही पैसा द्यावा लागू नये म्हणून आपण सभागृहात काय बोललात?

आणि एक काम आपलेही आहे. ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हाती आली की ती फेकू नका. दुकानाची पावती तिला टाचून ठेवा, वर तारीख लिहा. दर महिन्याला विहारात बैठक होते, तिथे कोणा लिहिता-वाचता येणाऱ्या मुलीकडे या चिठ्ठ्या द्या आणि वहीत नोंदी करा. कोणते औषध, कोणता दवाखाना, किती रुपये. वर्षभराची अशी वही घेऊन वीस बाया अधिष्ठात्यांच्या किंवा मनपा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, तर त्यांना टोलवून लावणे सोपे जाणार नाही. भाषणाला उत्तर भाषणाने देता येते. पावतीला उत्तर द्यायचे तर औषधच द्यावे लागते.

जयभीम!