फुकटच्या मैदानाचा मालक कोण?

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. उपाहारगृहात एका चहावर तास काढणारी, जिन्याच्या पायऱ्या अडवून बसलेली, चेंबूर स्थानकावर हार्बरच्या गाडीची वाट पाहताना मोबाईल आडवा धरून दोन अंगठ्यांनी युद्ध खेळणारी जी मंडळी दिसतात, ती ह्याच पौष्टिकावर पोसलेली आहेत. खेळाचे नाव ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’, बोलण्यात ‘बीजीएमआय’. त्याच्या पूर्वावताराचे नाव ‘पब्जी’ होते आणि घरोघरचे आईवडील आजही तेच नाव घेतात, तेही कपाळाला आठी घालून. ह्या खेळाविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा न खेळणाऱ्यांकडून. खेळणाऱ्या एका विद्यार्थिनीचे म्हणणेही वार्षिकात यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्राध्यापकवर्गासाठी आधी थोडे वर्णन केले पाहिजे. शंभरजण विमानातून एका ओसाड बेटावर उड्या मारतात. हातात काही नसते. रिकाम्या घरांतून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी शोधायची आणि आक्रसत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहायचे; बाहेर राहील तो हळूहळू मरतो. अर्ध्या तासात जो शेवटचा उरेल तो जिंकला. साहित्याच्या प्राध्यापकांना सांगायला हरकत नाही की, ह्या प्रकाराचे ‘बॅटल रॉयल’ हे नाव कौशुन ताकामी यांच्या १९९९ सालच्या जपानी कादंबरीवरून आले आहे. एकट्याने खेळता येते, पण खरी गोडी चौघांच्या तुकडीत. एक जखमी होऊन पडला की दुसऱ्याने गोळीबारात त्याच्यापर्यंत जाऊन त्याला उठवायचे असते, आणि उठवणारा तेवढा वेळ स्वतः उघडा पडतो. ज्याने आपल्याला एका डावात तीनदा असे उठवले तो आपल्याच वर्गातला मागच्या बाकावरचा अबोल मुलगा निघाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलावेच लागते!

हिंसेचा मुद्दा मी थोडक्यात उरकते. २०१९ साली एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात ह्या खेळावर बंदीची मागणी झाली होती. पुढे नव्या अवतारात रक्ताचा रंग हिरवा करण्यात आला. रक्त हिरवे केल्याने कोणाचे मन निर्मळ होत असेल तर आनंदच आहे. परंतु आमच्या पिढीचा खरा प्रश्न तो नव्हे. खरा प्रश्न ‘फुकट’ ह्या शब्दाचा आहे.

ह्या फुकटपणाचा मोठेपणा आधी मान्य केला पाहिजे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि २०१८ मध्ये हा खेळ मोबाईलवर उतरला. ना प्रवेश फी, ना गणवेश, ना कोणाची शिफारस. क्रिकेट शिकायचे तर पॅड, बॅट आणि शिकवणीची फी लागते. इथे पैसे टाकून पात्राला भरजरी कोट घालता येतो, बंदुकीला बर्फाचा रंग देता येतो. नेम मात्र विकत मिळत नाही. घाटल्याच्या चाळीतला मुलगा आणि डायमंड गार्डनसमोरच्या टॉवरमधला मुलगा, दोघांची गोळी सारखीच लागते. अशी समता आमच्या पिढीने दुसरीकडे कुठे पाहिली आहे?

आणि मैदाने तरी कुठे उरली? टिळकनगरात जुन्या बुटक्या इमारतींच्या जागी टॉवर आले आणि खेळायच्या मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहिल्या. जी मैदाने शिल्लक आहेत तिथे संध्याकाळी क्रिकेटचे चार डाव एकमेकांत घुसलेले असतात. एकाचा क्षेत्ररक्षक तो दुसऱ्याचा यष्टिरक्षक! त्या गर्दीत मुलींना जागा कधी होती? ‘दिवेलागणीच्या आत घरी ये’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या आम्ही मुली त्या बेटावर रात्री दहा वाजता निर्धास्त धावलो. टोपणनाव घेतले की झाले. समोरच्याला कळतही नाही की आपल्याला कोणी मारले.

हे सुख तोंड उघडेपर्यंत टिकते. तुकडीत एकमेकांशी बोलावे लागते, शत्रू कुठल्या दिशेला आहे हे सांगावे लागते. माईकवर मुलीचा आवाज आला रे आला की अनोळखी साथीदारांपैकी एखादा नंबर मागतो, दुसरा गाणे म्हणतो, आणि हरल्यावर तिसरा शिव्या घालतो. म्हणून कितीतरी मुली माईक बंद ठेवून, मुलाचे नाव धारण करून खेळतात. ‘तक्रार करा’ असे एक बटण असते. ते दाबायचे आणि पुढच्या डावाला लागायचे. प्रत्यक्ष मैदानात असे झाले असते तर चार बाया जमल्या असत्या, कोणाच्या तरी काकाने त्याची कानउघाडणी केली असती. इथे काका नाही.

फुकटाचे बाकीचे हिशेबही पाहण्यासारखे आहेत. गोळी सारखी असली तरी मोबाईल सारखा नसतो. महागड्या मोबाईलवर सेकंदाला नव्वद चित्रे सरकतात, साध्यावर तीस. म्हणजे एकाला शत्रू कोपऱ्यातून येताना दिसतो, दुसऱ्याला तो आलेला दिसतो. त्यात मोबाईल तव्यासारखा तापतो. ह्यावर कडी करणारे लबाड निराळेच. त्यांना भिंतीपलीकडचे दिसते आणि त्यांचा नेम यंत्र धरते. कंपनी वेळोवेळी अशांना हाकलते, पण जिथे प्रवेश फुकट तिथे हाकललेल्याने दुसऱ्या नावाने परत यायला कितीसा वेळ?

पेट्यांचा प्रकार तर सोडतीच्या तिकिटाचा. पैसे भरून पेटी उघडायची. हवी ती बंदूक निघेल की रद्दी, हे नशिबावर. बेल्जियमने २०१८ सालीच अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पेटीतून पैसे निघतच नाहीत, निघतो तो मखमली कोट! आईने विचारले, “अगं, फुकट आहे ना तो खेळ? मग हे पैसे कसले गेले?” तर घरोघरच्या मुलामुलींची जीभ अडखळते.

पण ज्याने मला हा लेख लिहायला लावला तो मुद्दा ह्याहून वेगळा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी गेले. जुलै २०२१ मध्ये ते नवे नाव घेऊन आले, खेळाडूंना जुनी कमाई नव्या खात्यात नेता आली. २८ जुलै २०२२ रोजी तेही दुकानांतून नाहीसे झाले. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी ह्याच खेळाची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दाखवली जात होती! मे २०२३ मध्ये ते पुन्हा आले, अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा घेऊन. ‘फ्री फायर’ची गोष्ट तर अधिक बोलकी. फेब्रुवारी २०२२ मध्ये साध्या मोबाईलवर चालणारा हलका ‘फ्री फायर’ बंद झाला आणि त्याचाच जड, चांगला मोबाईल मागणारा भाऊ ‘फ्री फायर मॅक्स’ चालू राहिला. देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर सरकारने निर्णय घ्यावा, त्याला माझा विरोध नाही. पण गरिबाचा खेळ गेला आणि श्रीमंताचा राहिला, ह्याचे दोन ओळींचे स्पष्टीकरण कोणी कोणाला दिले? ज्यांनी त्यात वर्षे घातली त्यांना ना सरकारने विचारले, ना कंपनीने. विचारणार तरी कशाला? आपण गिऱ्हाईक नव्हतो. फुकटात आलेल्याला पावती नसते.

महापालिकेचे मैदानही फुकट असते, परंतु त्यावर कोणी भिंत घालू लागला तर नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडता येते. ह्या मैदानाचा एक मालक दक्षिण कोरियात, कुलूप दिल्लीत, आणि खेळणारे आपण. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ नावाचा असाच खेळ आणला, तोही फुकट. त्याचे कौतुक आहे. परंतु मालक पुण्याचा झाला म्हणून मालकाला जाब विचारता येतोच असे नाही.

‘व्यसन आहे, बंद करा’ आणि ‘करिअर आहे, चालू द्या’ ह्या दोन आरोळ्यांत आमचे मागणे कोणी ऐकतच नाही. ते मोठे नाही. बंदी घालायची तर महिनाभर आधी सांगा आणि कारण द्या. पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे पेटीवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहा. माईकवर शिव्या देणाऱ्याच्या तक्रारीला माणसाने उत्तर द्यावे.

हे सारे आपल्या हातात नाही, हे मला कळते. आपल्या हातात जिमखाना समिती आहे. कॅरम आणि बुद्धिबळाच्या सामन्यांबरोबर येत्या स्नेहसंमेलनात ह्या खेळाचाही सामना ठेवावा: सर्वांना एकाच जातीचे मोबाईल, एकाच खोलीत, प्रत्येक तुकडीत निदान दोन मुली, माईक चालू, आणि पंच म्हणून खेळ न समजणारे एखादे प्राध्यापक. प्राध्यापकांनी नुसते कान उघडे ठेवून बसले तरी पुरे. नावे मी नोंदवून घेईन.