स्वस्त शस्त्राची महाग किंमत

तोफांचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो; शब्दांच्या शस्त्राचा सहसा दिसत नाही. म्हणूनच प्रचारयुद्ध ही दुय्यम बाब होय, असा समज राज्यकर्त्यांत रूढ आहे. तो किती घातक आहे, याची साक्ष शिरूर-दौंडचा मुलूखच देऊ शकेल.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. त्या लढाईची आठवण आजही जागती आहे. परंतु त्यानंतर सहा आठवड्यांनी, ११ फेब्रुवारी १८१८ रोजी, एल्फिन्स्टनने साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्याकडे तितके लक्ष जात नाही. छत्रपतींना राज्य मिळेल, वतने-इनामे चालू राहतील, धर्माला धक्का लागणार नाही. बाजीरावाची चाकरी मात्र दोन महिन्यांत सोडावी, असा त्याचा मथितार्थ होता. तोफा थांबल्या नव्हत्या. पण पेशव्यांसाठी लढण्याचे कारणच काढून घेण्याचे काम या कागदावर सोपवले होते, आणि त्याला खर्च तो शाईचा व हरकाऱ्यांचा.

आजचे गणित याहून विषम आहे. अमेरिकी सरकारने २०१८ मध्ये न्यायालयात मांडलेल्या आरोपांनुसार, रशियातील ‘प्रोजेक्ट लाख्ता’ या प्रचारयंत्रणेचा जानेवारी २०१६ ते जून २०१८ या काळाचा प्रस्तावित खर्च साडेतीन कोटी डॉलरहून काहीसा अधिक होता. एका एफ-३५ लढाऊ विमानाची किंमत आठ कोटी डॉलरच्या घरात जाते. म्हणजे अर्ध्या विमानाच्या पैशात एका महासत्तेच्या मतदारांत संशय पेरण्याचा उद्योग अडीच वर्षे चालवता येतो. भारताने २०२५-२६ साठी संरक्षणावर सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद केली. परंतु त्यातील एकही रणगाडा अफवेला अडवू शकत नाही.

खरा भुर्दंड पडतो तो ऐकणाऱ्यावर. १ ऑगस्ट २०२५ रोजी दौंड तालुक्यातील यवत येथे समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जमाव भडकला, मालमत्तेची नासधूस झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. हा काही परक्या राज्याचा डाव म्हणता येणार नाही. पण लिहिणाऱ्याला एक पैसाही न पडलेल्या ओळींची किंमत गावाने बंदोबस्ताच्या, नुकसानीच्या आणि शेजाऱ्यावरील अविश्वासाच्या रूपाने मोजली. असा कोरडा दारूगोळा घरोघर आयता मिळत असेल, तर शत्रूला विमाने कशाला हवीत?

यावर सरकारने स्वतःचा प्रचारकारखाना उघडणे हा उपाय नव्हे. सरकारी कारभाराविषयीच्या मजकुराचा खरेखोटेपणा सरकारी कक्षानेच ठरवावा, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवला, ते योग्यच झाले. सत्याचा निवाडा सत्तेच्या हाती गेला की सत्तेच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. त्यापेक्षा तहसीलदार, तलाठी व पोलीस पाटील यांनी जे घडले ते, अडचणीचे असले तरी, तत्काळ गावासमोर सांगावे आणि स्थानिक पत्रांनी ते पडताळून छापावे. एरवी खरे बोलून कमावलेली पत हाच या युद्धातील तट आहे. तो बांधण्यास द्रव्य फारसे लागत नाही. पण हल्ल्याच्या दिवशी तो बांधताही येत नाही.