भांडवल मिळाले, पुढे काय?

गरीब स्त्रीच्या हाती थोडे भांडवल दिले की ती आपल्या पायांवर उभी राहते, अशी एक समजूत साहाय्यदात्या देशांत रूढ आहे. इथिओपियातील एका प्रयोगाने या समजुतीला तडा दिला. ब्लॅटमन आणि डेरकॉन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० नंतरच्या दशकात तेथील पाच कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या सुमारे हजार उमेदवारांची सोडतीने विभागणी केली. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. काहींना नोकरी मिळाली; काहींना सुमारे ३०० डॉलरचे अनुदान आणि धंद्याचे अल्प प्रशिक्षण; उरलेल्यांना काहीच नाही. वर्षभरानंतर अनुदान घेणाऱ्यांची कमाई काहीच न मिळालेल्यांहून ३३ टक्क्यांनी अधिक होती. पाच वर्षांनी ही तफावत पार पुसली गेली होती.

यावरून गरीब स्त्रियांना धंदा जमत नाही, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. अदिस अबाबाच्या रस्त्यावर जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यातून कॉफी ओतून विकणारी, किंवा तेफच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा भाजून खाणावळींना पुरवणारी बाई नफातोट्याचा हिशेब आमच्या वर्गातील पुष्कळ विद्यार्थ्यांपेक्षा चोख जाणते. तिची अडचण खेळत्या भांडवलाची आहे. घरात आजारपण आले की गल्ल्यातील पैसा औषधाला जातो. तेफ महागला की त्याच पैशात पीठ कमी येते. २०२२ मध्ये तेथील भाववाढ ३० टक्क्यांच्या वर होती. २०२४ च्या जुलैत बिर हे चलन बाजारभावावर सोडल्यावर काही महिन्यांतच त्याची डॉलरमधील किंमत निम्म्यावर आली. अशा काळात एकदाच दिलेले अनुदान किती दिवस पुरणार?

दुसऱ्यांदा भांडवल आणायचे कोठून, हा खरा प्रश्न आहे. १९७५ पासून जमीन राज्याच्या मालकीची असल्याने ती विकता येत नाही. बँकेला तारण हवे ते घराचे वा वाहनाचे, आणि ती मालमत्ता बहुधा पुरुषाच्या नावावर. पत्नीने घराबाहेर काम करण्यास मनाई करण्याचा पतीचा हक्क २००० च्या कुटुंब कायद्याने रद्द झाला हे खरे. पण घराच्या कागदावरील नाव त्यामुळे बदलत नाही.

जागतिक बँकेने २०१२ मध्ये ५ कोटी डॉलरची योजना इथिओपियाच्या विकास बँकेमार्फत सुरू केली. तीत सूक्ष्मवित्त संस्थांनी स्त्रियांना व्यक्तिगत कर्जे दिली आणि काही ठिकाणी मालमत्तेच्या तारणाऐवजी कर्जफेडीची वृत्ती जोखणारी चाचणीही वापरली. उपक्रम स्तुत्यच. परंतु तो धंद्यात काहीशा स्थिरावलेल्या, वाढू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी होता. कॉफीवालीचा त्यात समावेश नव्हता. तिला आधार इकुबचा, म्हणजे आपल्याकडच्या भिशीचा. इकुब काटकसर शिकवते, शेजारणींच्या धाकाने हप्ताही वेळेवर भरवते. मात्र रक्कम हाती येते ती आपली पाळी आल्यावर, गरज पडेल तेव्हा नव्हे.

म्हणून प्रस्तुत लेखकाला वाटते की, अनुदानाची सगळी रक्कम पहिल्याच दिवशी वाटू नये. निदान निम्मी रक्कम राखून ठेवावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धंदा अडला असता अल्प व्याजाने, विनातारण, इकुबमधील नियमित हप्त्यांची नोंद हीच पत मानून ती द्यावी. काही कर्जे बुडतील. ती तूट साहाय्यदात्यांनी आरंभीच हिशेबात धरावी. ती कॉफीवालीच्या व्याजदरात मिळवू नये.