तरुण शेतकऱ्यांचा पुढारी कोणाचा?

२०२३ च्या नोव्हेंबरात दक्षिण फ्रान्समधील तार्न जिल्ह्यात तरुण शेतकऱ्यांनी गावांच्या वेशीवरील नावांच्या पाट्या उलट्या लावण्यास सुरुवात केली. शेतीचे सारे धोरणच उलटे चालले आहे, हा त्यामागचा अर्थ. हे लोण पाहता पाहता देशभर पसरले. २०२४ च्या जानेवारीत ट्रॅक्टरांनी राजमार्ग अडविले आणि पॅरिसकडे जाणारे रस्ते तुंबले. या आंदोलनात 'तरुण शेतकरी' हेच नाव धारण करणारी संघटना राष्ट्रीय शेतकरी महासंघाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. त्या महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष सुमारे सातशे हेक्टर जमिनीचे धनी होते आणि तेलबियांवर प्रक्रिया करणाऱ्या एका बलाढ्य उद्योगसमूहाचेही अध्यक्ष होते. तरुणांचा संताप खरा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. सातशे हेक्टरांच्या धन्याचे आणि कर्ज काढून चाळीस गाई पाळणाऱ्या तरुणाचे हित एक आहे, हे कोणी आणि केव्हा ठरविले?

या प्रश्नाचा जन्म २०२३ चा नाही. फ्रान्समधील शेतकरी युवकांच्या चळवळीने तो साठ वर्षांपूर्वीच स्वतःला विचारला होता आणि तिच्यातून घडलेल्या पुढाऱ्यांनी त्याची परस्परविरोधी उत्तरे दिली होती. त्यांपैकी बेर्नार लांबेर यांचे उत्तर सर्वांत गैरसोयीचे होते. म्हणूनच त्यांचा अनुभव नीट पाहण्याजोगा आहे.

लांबेर यांचा जन्म १९३१ साली ल्वार नदीच्या उत्तरेस, तेये या खेड्यात, एका बटाईदाराच्या घरी झाला. पश्चिम फ्रान्समधील बटाई म्हणजे केवळ पिकाची वाटणी नव्हे. जमीनदार गावातच राही, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसे, मुलांनी कोणत्या शाळेत जावे आणि बापाने कोणाला मत द्यावे यांवरही त्याची नजर असे. १९४५-४६ साली तांगी-प्रिजाँ या समाजवादी कृषिमंत्र्यांनी, जे स्वतः ब्रिटनीतील शेतकरी होते, कुळांना संरक्षण देणारा कायदा केला आणि बटाईतील मालकाचा वाटा एकतृतीयांशावर आणला. तोवर निम्मे पीक मालकाच्या कोठारात जाणे हीच सर्वसाधारण रीत होती. लांबेर या दोन काळांच्या सांध्यावर वाढले. बापाची लवलेली मान आणि तिला थोडा आधार देणारा कायदा, दोन्ही त्यांनी पाहिले.

शाळा लवकर सुटली. खरी शाळा मिळाली ती कॅथलिक कृषक युवक संघटनेत. ही संघटना १९२९ साली निघाली, ती खेड्यातील तरुणांना धर्मापासून दूर जाऊ न देण्यासाठी, आणि अर्थातच समाजवादाच्या वाऱ्यापासूनही जपण्यासाठी. संस्था स्थापन करणाऱ्यांचा हेतू एक असतो आणि त्या संस्थेतून बाहेर पडणारी माणसे भलत्याच वाटेला लागतात, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. 'पाहा, पारखा, कृती करा' ही त्या संघटनेची त्रिसूत्री. धर्मगुरूंना तीत उपासनेचा मार्ग दिसत होता. पण एकदा का तरुणांना 'पाहा' म्हणून सांगितले, की ते काय पाहतील यावर कोणाचा ताबा राहणार?

त्यांनी पाहिले ते आपले घर. गावोगावी प्रश्नावल्या घेऊन पोरे हिंडू लागली. घरात नळाचे पाणी आहे काय? आईला पाणी किती लांबून आणावे लागते? शेताचा हिशेब कोण लिहितो? मुलाला कामाची मजुरी मिळते काय? शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण त्यातच साऱ्या युवक चळवळीची दारू भरलेली होती. तिशी उलटलेला, लग्न झालेला, बाप झालेला मुलगा आपल्या बापाच्या शेतावर बिनपगारी राबत असे आणि बाजाराला जाताना खर्चासाठी बापापुढे हात पसरत असे. यंत्र घ्यावे की नाही, पीक बदलावे की नाही, यात त्याचा शब्द चालत नसे. सुनेची अवस्था तर बोलूच नये. त्यामुळे शेतकरी तरुणांचे पहिले बंड जमीनदाराविरुद्ध वा व्यापाऱ्याविरुद्ध झाले नाही, ते बापाविरुद्ध झाले. १९५० साली पॅरिसच्या मैदानावर या संघटनेचे सुमारे सत्तर हजार तरुण-तरुणी जमले, तेव्हा शहरी वृत्तपत्रांना कळले की ज्याला ते मागासलेले खेडे समजत होते तेथे काही वेगळेच शिजत आहे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच मुशीतून घडलेल्या तरुणांनी महासंघाच्या आत पस्तीस वर्षांखालील शेतकऱ्यांचे केंद्र ताब्यात घेतले. मिशेल देबातिस हे त्यांचे सर्वांत बुद्धिमान पुढारी. त्यांनी महासंघातील बड्या गहूवाल्यांना आणि बीटवाल्यांना न आवडणारी गोष्ट स्पष्टपणे मांडली. नुसता भाव वाढवून मिळाल्याने लहान शेतकरी तरत नाही, कारण ज्याच्यापाशी विकायला अधिक त्यालाच भाववाढीचा लाभ अधिक. तेव्हा जमिनीची वाटणी, कुळाचे हक्क, वृद्धांची निवृत्ती, संयुक्त शेती हे प्रश्न आधी सोडवा. या मांडणीचे फळ १९६० आणि १९६२ च्या कायद्यांत मिळाले. दुसऱ्या कायद्यामागे कृषिमंत्री एदगार पिझानी यांचा पुढाकार होता. विक्रीला निघालेली जमीन आधी विकत घेऊन तरुणांना देणाऱ्या संस्था निघाल्या, वृद्ध शेतकऱ्याला जमीन सोडण्यासाठी आजन्म भत्ता मिळू लागला, अनेकांनी मिळून एकत्र शेती करण्याला कायदेशीर रूप आले. तिशीतल्या पोरांनी एका बलाढ्य राजवटीकडून हे करवून घेतले, ही सामान्य कामगिरी नव्हे. आज तिला नाके मुरडणे सोपे आहे.

त्याच सुमारास ब्रिटनीत चोवीस-पंचवीस वर्षांचे आलेक्सी गुर्वेनेक भाजीपाल्याच्या पडलेल्या भावासाठी पेटून उठले. ८ जून १९६१ च्या पहाटे शेतकऱ्यांनी मोर्ले येथील उपजिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीचा ताबा घेतला. गुर्वेनेक यांना अटक झाली, दोन आठवड्यांत न्यायालयाने सोडले, आणि ते रातोरात देशभर ठाऊक झाले. त्यांनी व्यापाऱ्यांची मक्तेदारी मोडून शेतकऱ्यांची स्वतःची लिलाव-व्यवस्था उभी केली. पुढे बंदर मिळविले, आणि १९७३ च्या जानेवारीत भाजीपाला इंग्लंडला नेणारे शेतकऱ्यांच्या मालकीचे जहाज समुद्रात सोडले. हे सारे थक्क करणारे आहे. हेच गुर्वेनेक पुढे हजारो डुकरांच्या प्रचंड वराहपालनाचे मालक झाले, हेही त्याच कथेचे पान आहे.

लांबेर यांची वाट प्रारंभी या दोघांहून वेगळी नव्हती. १९५८ साली, सत्तावीस वर्षांचे असताना, ते लोकसभागृहात निवडून आले. समाजवादी म्हणून नव्हे, ख्रिस्ती लोकशाहीवादी गटाचे म्हणून. १९६२ साली पराभूत झाले. त्यानंतर पश्चिमेकडील शेतकरी संघांच्या प्रादेशिक फेडरेशनचे काम करीत असता त्यांना एक हिशेब अस्वस्थ करू लागला. प्रत्येक आधुनिक झालेल्या शेतामागे किती शेते बुजली? कायद्यांनी तरुणाला जमीन मिळवून दिली, पण ती आली कोठून? शेजाऱ्याकडून. १९५५ साली फ्रान्समध्ये सुमारे तेवीस लाख शेती-घटक होते, १९७० साली सोळा लाखांच्या आसपास उरले, १९८८ साली दहा लाखांच्या घरात आले आणि २०२० च्या कृषिगणनेत ते चार लाखांच्याही खाली होते. देबातिस यांना हा हिशेब ठाऊक नव्हता असे नाही. त्यांना तो प्रगतीचा अपरिहार्य खर्च वाटत होता. हा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो आणि जमा कोणाच्या खात्यावर होते, असे लांबेर विचारू लागले.

उत्तर त्यांना पश्चिमेच्या कोंबड्यांच्या खुराड्यांत दिसले. कंपनी करार करते. खुराडे शेतकऱ्याने कर्ज काढून बांधायचे, पिल्ले कंपनी देणार, खाद्य कंपनी देणार, औषध कंपनी देणार, कोंबडी केव्हा उचलायची आणि काय दराने, तेही कंपनीच ठरविणार. शेतकऱ्याच्या नावावर जागा आहे, म्हणून त्याला मालक म्हणायचे. मागावर बसलेल्या विणकराला सूत देऊन कापड उचलणाऱ्या व्यापाऱ्याची पद्धत याहून निराळी ती काय? त्या विणकराला कारखानदार म्हणण्याइतकेच या शेतकऱ्याला उद्योजक म्हणणे हास्यास्पद आहे. आणि करार करणारी संस्था सहकारी असली म्हणून व्यवहार बदलत नव्हता. १९७२ च्या वसंतात पश्चिमेत जो दूध-संप झाला, टँकर अडविले गेले, तो खाजगी डेअऱ्यांइतकाच सहकारी डेअऱ्यांविरुद्धही होता. सहकार हा शब्द पाटीवर असून भागत नाही, गल्ल्याशी कोण बसले आहे ते पाहावे लागते.

१९६६ साली लांबेर एकीकृत समाजवादी पक्षात आले. ८ मे १९६८ ला पश्चिम फ्रान्सभर कामगार आणि शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले. २४ मे रोजी शेतकऱ्यांचे मोर्चे नांत शहरात शिरले आणि तेथील 'राजचौका'चा त्यांनी 'लोकचौक' केला. सार्वत्रिक संपाच्या त्या दिवसांत त्या शहरातील संपकरी कुटुंबांना शेतकरी संघांनी स्वस्तात दूध-बटाटे पुरविले. खेडे शहराची कोंडी करण्याऐवजी शहराच्या संपाला पोसत होते. १९७० साली लांबेर यांचे वर्गलढ्यातील शेतकऱ्यांविषयीचे पुस्तक आले. त्याला प्रस्तावना मिशेल रोकार यांची होती. ऑगस्ट १९७३ मध्ये लार्झाकच्या पठारावर, लष्करी छावणीच्या विस्तारासाठी जमिनी घेण्याविरुद्ध जो प्रचंड मेळावा भरला, त्यात घड्याळांच्या लिप कारखान्याचे झुंजणारे कामगारही आले होते. तेथे लांबेर यांनी जाहीर केले की शेतकरी यापुढे कधीही व्हर्सायवाल्यांच्या बाजूने उभा राहणार नाही. १८७१ साली पॅरिस कम्यून ज्या फौजेने रक्तात बुडविले ती व्हर्सायच्या सरकारची होती, आणि तिच्यात खेड्यातली पोरे मोठ्या संख्येने होती. शंभर वर्षांचा हा डाग एका बटाईदाराच्या मुलाने भरसभेत उच्चारून दाखविला.

येथवर ही कथा वीरकथा वाटेल. तशी ती नाही. लांबेर यांचा 'शेतकरी-कामगार' गट अल्पसंख्यच राहिला. वीस हेक्टरांचा शेतकरी कर्जात बुडालेला असला तरी सातबाऱ्यासारखा एक कागद त्याच्या कपाटात असतो, आणि त्या कागदावरचे नाव पुसून स्वतःला मजूर म्हणवून घेणे त्याच्या जिवावर येते. पुस्तकातले विश्लेषण बरोबर असून माणूस त्यात स्वतःला ओळखत नसेल, तर दोष नेहमी माणसाचाच असतो असे डाव्यांनी समजू नये. उलट महासंघाने या भावनेची उत्तम मशागत केली. 'आपण सारे शेतकरी' या शब्दांत बीटवाला बडा बागाईतदार आणि कोंबडीवाला कर्जदार एकाच बाकावर बसतात, आणि बोलतो मात्र पहिलाच.

आणि युवक केंद्राचे काय झाले? ती शिडी झाली. देबातिस १९७१ साली महासंघाचे अध्यक्ष झाले आणि १९७९ साली उजव्या सरकारात अन्नप्रक्रिया उद्योगाचे राज्यमंत्री. युवक केंद्रातून आलेले फ्रान्स्वा गियोम महासंघाचे अध्यक्ष होऊन १९८६ साली कृषिमंत्री झाले. पस्तिशीपर्यंत बंडखोर, पंचेचाळिशीत पदाधिकारी, पन्नाशीत मंत्री. यात कोणाच्या सचोटीवर शिंतोडे उडवायचे नाहीत. वय हे आंदोलनाचे अधिष्ठान असले की त्याचा शेवट असाच होतो, कारण तरुणपण हे कोणाचेच कायमचे हित नसते. बापाविरुद्धचे बंड मुलगा बाप होताच संपते, जमीन आणि कर्ज यांचा प्रश्न मात्र वाढदिवसाने सुटत नाही.

समाजवाद्यांचा हिशेबही येथे टाळता येणार नाही. १९८१ साली मितराँ निवडून आले, लार्झाकची योजना रद्द झाली, महासंघाबाहेरच्या संघटनांना प्रथमच मान्यता मिळाली. त्याच वर्षी लांबेर आणि सहकाऱ्यांनी आपल्या गटांचा राष्ट्रीय संघ बांधला. शेतकऱ्याच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्याच उत्पादनाला हमीभाव द्यावा, म्हणजे सरकारी पैसा बड्यांकडे वाहणार नाही, ही डाव्या शेतकऱ्यांची जुनी मागणी होती. १९८३ साली कृषिमंत्री म्हणून आले ते रोकार, लांबेर यांच्या पुस्तकाचे प्रस्तावनाकार. त्यांनी महासंघाशी जुळवून घेतले. १९८४ साली युरोपीय बाजाराने दुधाचे कोटे लादले, ते ज्याचे जितके उत्पादन तितक्या प्रमाणात. मोठ्याचा कोटा मोठा, लहानाचा लहान. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोटार-अपघातात लांबेर यांचा मृत्यू झाला. ते अवघ्या बावन्न वर्षांचे होते. १९८७ साली त्यांचा संघ दुसऱ्या एका गटाशी एक होऊन 'काँफेदेरास्याँ पेझान' ही संघटना जन्मली.

जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या कृषिमंडळांच्या निवडणुका झाल्या. महासंघ आणि 'तरुण शेतकरी' यांच्या संयुक्त यादीला दीर्घकाळात प्रथमच निम्म्याहून कमी मते पडली. लांबेर यांचा वारसा सांगणाऱ्या संघटनेला साधारण एकपंचमांश मते मिळाली, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकीच. महासंघाच्या हातून निसटलेला संताप मुख्यतः गेला तो उजवीकडच्या 'कोऑर्दिनास्याँ रुराल'कडे, जी पर्यावरणाच्या नियमांत आणि पॅरिसच्या नोकरशाहीत शत्रू पाहते, पण खाद्य, बियाणे आणि कर्ज विकणाऱ्यांचे नाव क्वचितच घेते. पश्चिमेच्या खुराड्यांत अजूनही पिल्ले कंपनीची आहेत आणि कर्ज शेतकऱ्याचे.