सातवीचं अंकगणित

दहावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलतींपैकी एक अशी आहे, की तिच्यावर शाळा, पालक आणि मुलं सगळेच खूश असतात. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायचं, जोडीला कार्यानुभव. दाखला जोडला, अर्ज भरला, मंडळाची मंजुरी आली की गणिताची कटकट मिटली. तिच्यासोबत पुढे गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकीकडे जायची वाटही जवळपास मिटते, हे बऱ्याच घरांत कळतं ते निकालानंतर, अकरावीचा अर्ज भरताना.

सवलत वाईट आहे असं मी म्हणत नाही. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे सत्तावीस आणि बहात्तरमध्ये रोज नव्यानं अडखळणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रानं १९९६ पासून सवलती दिल्या. अशाच मुलावरचा ‘तारे जमीन पर’ सिनेमा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. त्या सवलती नसत्या तर कित्येक जण कायमचे दहावी नापास राहिले असते. पण जिला दिसत नाही, एवढीच अडचण आहे, तिलाही तोच कागद पुढे करायचा?

सध्या माझ्याकडे एक अंध मुलगी गणिताला येते. नववीत असतानाच शाळेनं तिच्या आईला सांगितलं, ‘‘कशाला त्रास देता पोरीला? सातवीचं घ्या, टक्के वाढतील.’’ सांगणाऱ्या बाई प्रेमळ आहेत. अडचण तीच आहे, प्रेमाशी भांडता येत नाही.

अंध मुलांच्या गणितासाठी टेलर फ्रेम नावाची पाटी असते. तिला अष्टकोनी भोकं. त्यांत बसवायच्या खिळ्याच्या एका टोकाला उठावाची पट्टी, दुसऱ्याला दोन टोचे. खिळा आठ दिशांनी बसतो, म्हणजे दोन्ही टोकं धरून सोळा खुणा झाल्या. त्यांत दहा अंक आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हं मावतात. बीजगणिताचे खिळे वेगळे. भूमितीसाठी रबराच्या पाटीवर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून त्यावर रेघ ओढली, की ती तिथेच उठून येते. वर्तुळाला स्पर्शिका काढून मी तिचं बोट त्यावरून फिरवलं. म्हणाली, ‘‘ही एकाच ठिकाणी टेकते, मग निसटते.’’ वर्गातल्या निम्म्या डोळस मुलांकडून मी हे वर्षभर घोकून घेतो. अंधशाळांत ही साधनं जुनी झाली आहेत. आपल्या नेहमीच्या शाळांत, जिथे आता ही मुलं शिकतात, तिथे बहुतेक शिक्षकांनी ती पाहिलेलीही नसतात.

काही गोष्टींना तर साधनही लागत नाही. फळ्याकडे हात करून ‘‘हा कोन आणि तो कोन समान’’ म्हणायची आम्हा मास्तरांना खोड असते. त्याऐवजी ‘‘कोन एबीसी आणि कोन पीक्यूआर’’ म्हणावं. लिहिता लिहिता बोलावं. याला अनुदान लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

मग येते परीक्षा, आणि लेखनिक. दहावीच्या मुलीला लेखनिक नववीतला, म्हणजे वर्गसमीकरण त्यानं अजून पाहिलेलंच नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर पेपर कोण सोडवतंय हा प्रश्न उरेल. पण मग सगळी भिस्त सांगण्यावर येते. ‘‘एक छेद एक्स अधिक एक’’ असं सांगितलं, तर शेवटचा एक छेदात लिहायचा की बाहेर? दोन वेगळी उत्तरं येतात. म्हणून आम्ही ‘कंस सुरू, कंस पूर्ण’ असं बोलायचा सराव करतो. गणिताच्या दोन तासांच्या पेपराला, तासाला २० मिनिटांच्या हिशेबानं, ४० मिनिटं जास्तीची मिळतात. ती ‘फुकटची’ वाटणाऱ्यांनी डोळे मिटून, कच्चं काम मनात धरून, एक वर्गसमीकरण भाच्याला तोंडी सांगून सोडवून बघावं. तिचं उत्तर तपासताना कुणी सैल हात ठेवत नाही, ठेवूही नये.

खोट्या दाखल्यांच्या बातम्या येतात आणि संशयाचा भार खऱ्यांवर पडतो, हे आहेच. पण कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयी करून देणं बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लेखनिक मिळायला ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. विकास कुमारांना दिसत होतं, लिहिताना हात आखडत होता, एवढंच. आंध्रातल्या अंध श्रीकांत बोल्लांना दहावीनंतर विज्ञान शाखेसाठी कोर्टात जावं लागलं. बारावीला ९८ टक्के मिळाले, मग एमआयटी. अमेरिकेतलं, कोथरूडचं नव्हे. आता त्यांच्यावर सिनेमाही आला. मला मात्र सिनेमा निघू नये असं वाटतं. कोर्टात न जाता साठ टक्क्यांनी गणित पास होणारी अंध मुलगी बातमीत येत नाही, आणि तिनं येऊही नये.

आमच्या मुलीनं दहावीचं गणित घ्यायचं ठरवलंय. सहामाहीला भाग एकमध्ये, म्हणजे बीजगणितात, ती पास झाली, भाग दोनमध्ये, म्हणजे भूमितीत, थोडक्यात राहिली. रचनांचा प्रश्न अंगावर येतो, त्यावर आमची रोज खटपट चालू आहे. तिचं खरं भांडण सध्या वेगळंच आहे. सरावाला बसणाऱ्या नववीतल्या मुलाच्या वडिलांनी आता नकार दिलाय, ‘‘त्याचाही अभ्यास आहे ना.’’ त्यांचंही खोटं नाही. नवा लेखनिक शोधतोय, तो मिळेपर्यंत माझी बायको लिहून घेते. तिचं गणित कच्चं आहे, त्यामुळे सरावाला ती उत्तम.